घरचा मीडिया सर्व्हर: जुना लॅपटॉप, लग्नाच्या कॅसेटी आणि सोलापूरचं ऊन

घरी मीडिया सर्व्हर लावायचा म्हणून चौकशी करणारा माणूस पहिला प्रश्न मशीनचा विचारतो. रॅम किती, प्रोसेसर कोणता, डिस्क किती टीबीची. मी त्याला आधी विचारतो, त्यावर ठेवणार काय? उत्तर ‘नवे पिक्चर’ असं आलं, तर लावू नका म्हणून सरळ सांगतो. नवे पिक्चर ओटीटीवर येतात. वर्गणी भरा आणि पाहा, त्यात डोकेदुखी कमी आहे.

सर्व्हरची खरी गरज आहे ती ओटीटीवर कधीच येणार नाही अशा गोष्टींसाठी. आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, मुलाच्या बारशाची मिनीडीव्ही टेप, २००० नंतरच्या दशकात हौसेनं घेतलेल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी, मोबाईल बदलताना कुठल्या तरी पेनड्राईव्हवर टाकून दिलेले व्हिडिओ. हे सगळं सोलापुरात घरोघरी आहे, आणि बहुतेक ठिकाणी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या शेजारी पडून आहे.

मीडिया सर्व्हर म्हणजे घरात कायम चालू असलेला एक कॉम्प्युटर. व्हिडिओ, फोटो, गाणी त्याच्या डिस्कवर असतात आणि घरातल्या टीव्हीवर, मोबाईलवर पोस्टरसकट दिसतात. कुणी कुठं थांबवलं होतं हे तो लक्षात ठेवतो. बाहेरचं नेट गेलं तरी राऊटर चालू असेपर्यंत घरातल्या घरात सगळं चालतं.

आधी साठा टेबलावर मांडा

एक रविवार काढा आणि घरातल्या सगळ्या डिस्का, टेपा, जुने फोन, मेमरी कार्डं एका जागी आणा. त्यांचे तीन ढीग करा: आपण स्वतः चित्रित केलेलं, आपण विकत घेतलेलं, आणि ज्यांचा कॉपीराइट संपलाय असे जुने चित्रपट.

तिसऱ्या ढिगाबद्दल लोकांना फारशी माहिती नसते. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट ६० वर्षं टिकतो, आणि ही ६० वर्षं प्रदर्शनानंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६० साली प्रदर्शित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाला. प्रभातचे १९३६-३७ चे चित्रपट तर केव्हाच मुक्त झालेत. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचा व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा, तोही २००७ पासून मोकळा आहे. सर्व्हरवर चित्रपटांची सुरुवात अशा नावांनी करा. ‘एकानं दिलेल्या हार्डडिस्क’वर भरून आलेले कालपरवाचे पिक्चर सर्व्हरवर चढवू नका. ती चोरीच आहे, आणि त्या ढिगात तुमच्या घरचं काही नसतं.

डीव्हीडीचं जरा वेगळं आहे. तिच्यावर बहुधा कॉपीविरोधी कुलूप असतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात आलेलं ६५ए कलम अशा कुलपांसाठीच आहे. म्हणून विकतच्या डीव्हीडी मी आजही प्लेयरवरच लावतो. व्हीसीडीला असं कुलूप नसतं.

व्हीसीडी आणि कॅसेट: इथे वेळ द्या

बाकी सगळं काम दोन संध्याकाळी उरकेल. हे उरकणार नाही, आणि उरकूही नका.

व्हीसीडीवर चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं. आजच्या ५५ इंची टीव्हीवर ते भुरकट दिसणार, त्याला इलाज नाही. ‘एआयनं एचडी करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. नटांचे चेहरे मेणाचे होतात, आणि नाटकात चेहऱ्याशिवाय आहे काय? एका डिस्कवर साधारण सव्वा तास मावतो, म्हणून तीन अंकी नाटक दोन-तीन डिस्कांवर विभागलेलं असतं.

डिस्क उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात ‘डॅट’ने संपणारी मोठी फाइल. विंडोजवर ती साधी कॉपी होते. लिनक्स या मोफत प्रणालीवर मात्र कॉपी करताना एरर येते, कारण व्हीसीडीवरची व्हिडिओची जागा साध्या डेटासारखी लिहिलेली नसते. तिथे व्हीसीडीइमेजर संचातलं ‘व्हीसीडीएक्सरिप’ वापरावं लागतं. त्याच कारणानं व्हीसीडीला चूक दुरुस्त करणारा शेवटचा थरही नसतो, त्यामुळे छोटा ओरखडासुद्धा चित्रात चौकोन होऊन दिसतो. कॉपी अडली तर डिस्क सुती कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह निमूट वाचतो, हे वारंवार दिसतं.

मिळालेल्या फाइलीतला व्हिडिओ एमपीईजी-१ प्रकारचा असतो. आजचे टीव्ही आणि ब्राउझर तो थेट दाखवायला कुरकुर करतात. म्हणून हँडब्रेक किंवा एफएफएमपेग यांपैकी एक मोफत साधन वापरून एच.२६४ या सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात बदलून घ्या आणि भाग जोडून प्रत्येक नाटकाची एकच फाइल करा. मूळ डॅट फाइलही ठेवा, जागा फारशी खात नाही.

व्हीएचएसला चालू स्थितीतला व्हीसीआर लागतो, आणि तोच हल्ली दुर्मिळ झालाय. नातेवाइकांत विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर असतो. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होईल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना तीच बुरशी लागेल. ती व्यावसायिकाकडे द्या. बाकीच्या कॅसेटी यूएसबी कॅप्चरच्या छोट्या डब्यातून कॉम्प्युटरवर घेता येतात. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, मधला रस्ता नाही. हे चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं गुंफलेली. रूपांतर करताना ‘डीइंटरलेस’ लावलं नाही, तर हालचाल झाली की कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. मिनीडीव्हीला फायरवायर पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर हवा. एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते.

लग्नाच्या कॅसेटीबद्दल एक सल्ला. संकलित कॅसेटीत दिलाच्या आकारात फिरणारे नवरा-नवरीचे चेहरे आणि वरून चिकटवलेली गाणी असतात. शूटिंगवाल्याकडून तेव्हा न कापलेल्या टेपाही घेतल्या असतील, तर त्या आधी उतरवा. त्यांत माणसांचे खरे आवाज असतात. पंगतीत वाढणाऱ्या काकूंचं बोलणं, मंडपात मानपानावरून लागलेली कुरबुर, लाईट गेली म्हणून उठलेला गलका, हे संकलनात पहिल्यांदा कापलं जातं. आमच्या घरी सर्व्हरवर सगळ्यात जास्त वेळा लागलेली गोष्ट म्हणजे अशीच एक टेप आहे. तिच्यात घडत काहीच नाही. सोडून गेलेली माणसं चहा पितात आणि एकमेकांना हाका मारतात.

मशीन: घरातलंच काढा

नव्या खरेदीआधी घरातला जुना लॅपटॉप पाहा. इंटेलचा सहाव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असली की घरगुती सर्व्हरला पुरे. पिढीला महत्त्व एवढ्यासाठी की टीव्हीला एखादी फाइल थेट कळली नाही, तर सर्व्हर ती चालता चालता दुसऱ्या स्वरूपात बदलून देतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. इंटेलच्या चिपमधला क्विक सिंक हा भाग ते काम प्रोसेसर न दमवता करतो. एचईव्हीसी ही व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत. सहाव्या पिढीपासून त्याला ८ बिटचा एचईव्हीसी समजतो, सातव्या पिढीपासून १० बिटचाही. मोबाईलवरचे नवे व्हिडिओ अनेकदा एचईव्हीसीत असतात, म्हणून हे पाहायचं.

लॅपटॉपचा आणखी एक फायदा, त्याला स्वतःची बॅटरी असते. लाईट गेली आणि इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर उशीर झाला, तर डेस्कटॉप बंद पडतो, लॅपटॉप पडत नाही. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती आधी काढा. आणि सेटिंगमध्ये मिळत असेल तर चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर बांधून ठेवा.

नवं घ्यायचंच तर इंटेल एन१०० चिपचा छोटा पीसी घ्या. ही चिप २०२३ मध्ये आली, वीज अगदी कमी खाते आणि एचईव्हीसीहून नव्या एव्ही१ पद्धतीचे व्हिडिओसुद्धा वाचते. रास्पबेरी पाय ५ चं नाव बरेच जण सुचवतात. छोट्या प्रयोगांना तो छान आहे, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअर नाही. ट्रान्सकोडिंगची वेळ आली की तो हात टेकतो.

विजेचा हिशोब आधीच करा. १५ वॉट खाणारं मशीन दिवसरात्र चालवलं, तर महिन्याला साधारण ११ युनिटं होतात. ६० वॉटच्या जुन्या डेस्कटॉपची होतात ४३. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर दर एकदम चढतो, त्यामुळे आजवर ९० युनिटांच्या आसपास बिल येणाऱ्या घराला फुकटचा डेस्कटॉप महागात पडतो.

जागा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफ टाकत राहतो. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या मार्गदर्शकांत ‘टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवा’ असं असतं. आपल्याकडे तो कप्पा म्हणजे भट्टी. सर्व्हर उत्तरेकडच्या भिंतीला, जमिनीपासून थोडा वर, चारी बाजूंनी हवा खेळेल असा ठेवा. लॅपटॉपखाली दोन पट्ट्या देऊन तो उचलून ठेवा. कुलरच्या थेट झोतात नको, ओल जाते आत.

हार्डडिस्कचं तापमान स्मार्ट नावाच्या सोयीतून दिसतं. ४५ अंशांच्या आत राहिलं तर उत्तम. ५५ च्या पुढे जायला लागलं, तर दुपारच्या वेळी सर्व्हर बंद ठेवण्याचं टायमिंग लावा. दुपारी दोन वाजता पिक्चर पाहतं कोण?

सोलापूरच्या पूर्व भागात घराखाली किंवा शेजारी यंत्रमाग असेल, तर धुळीहूनही कापसाचे बारीक तंतू जास्त त्रास देतात. पंख्याच्या जाळीवर त्यांची पातळ गादी बसते आणि आतलं तापमान गुपचूप चढतं. अशा घरात महिन्याला एकदा जाळी साफ करा, इतरांना तीन महिन्यांनी चालेल.

जेलीफिन बसवणं

सॉफ्टवेअर म्हणून मी जेलीफिन सुचवतो. एम्बी नावाच्या प्रकल्पानं आपला कोड बंद केला, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्यातल्याच मुक्त कोडवरून जेलीफिन वेगळं झालं. वर्गणी नाही, खातं उघडायची सक्ती नाही, माहिती घराबाहेर जात नाही. प्लेक्स हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर दिसायला जास्त गुळगुळीत आहे. पण २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ पाहायला तिथे पैसे मोजावे लागतात. स्वतःच्या लग्नाची कॅसेट पाहायला वर्गणी कशाला?

विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा डेबियन टाकणं बरं. मिंट टाकायला तासभर पुरतो. नंतर जेलीफिनच्या संकेतस्थळावर दिलेली एका ओळीची आज्ञा टर्मिनलमध्ये जशीच्या तशी टाकायची, बाकीचं ते स्वतः करतं. मग त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, कोलन, ८०९६ असं टाकलं की सुरुवातीची पानं येतात. भाषा निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. लायब्ररी, म्हणजे व्हिडिओंचे फोल्डर, मात्र तिथे जोडू नका, ते पान पुढे ढकला.

इथे दोन गोष्टी करून घ्या. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपणार नाही असं लावा. आणि राऊटरच्या पानावर जाऊन या मशीनला कायमचा एकच आयपी पत्ता बांधून द्या, नाहीतर लाईट येऊन-जाऊन पत्ता बदलला की टीव्हीला सर्व्हर सापडत नाही.

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा यानंतर होतो. बाहेरची यूएसबी डिस्क लावतात, लायब्ररीत फोल्डर दाखवतात, आणि लायब्ररी रिकामीच. डिस्क ठीक असते, फाइली ठीक असतात. अडचण परवानगीची असते. लिनक्सवर जेलीफिन हा स्वतंत्र वापरकर्ता म्हणून चालतो, आणि डिस्क आपोआप जोडली जाते ती तुमच्या नावाखालच्या जागेत, तिथे त्याला डोकावायची मुभा नसते. उपाय असा: डिस्क कायमस्वरूपी एका स्वतंत्र जागी जोडा, मिंटच्या ‘डिस्क्स’ या साधनात माउंटचे पर्याय दिसतात तिथून, आणि त्या फोल्डरला वाचायची परवानगी सगळ्यांना द्या. डिस्क फक्त लिनक्सवरच राहणार असेल, तर ती एक्स्ट४ पद्धतीनं फॉरमॅट केलेली बरी.

ट्रान्सकोडिंगसाठी डॅशबोर्डमधल्या प्लेबॅक विभागात जाऊन इंटेलचा पर्याय निवडा. निवडूनही चालत नसेल, तर जेलीफिन वापरकर्त्याला ‘रेंडर’ गटात घातलंय का ते पाहा. बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं.

नावं नीट द्या

जेलीफिन पोस्टर आणि माहिती एका मोठ्या सार्वजनिक माहितीसाठ्यातून आणतं, आणि ते शोधतं फाइलच्या नावावरून. प्रत्येक चित्रपटाला वेगळा फोल्डर, त्यावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये नाव, आणि कंसात इंग्रजी अंकांत साल. आतल्या फाइललाही तेच नाव.

साल का? ‘संत तुकाराम’च घ्या. १९३६ चा मराठी चित्रपट दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीसांचा. १९६३ चा त्याच नावाचा कन्नड चित्रपट राजकुमार यांचा. सोलापुरात एकाच घरात हे दोन्ही असू शकतात. साल नसेल तर राजकुमारांच्या पोस्टरखाली पागनीस अभंग म्हणायला लागतील.

नाटकं या माहितीसाठ्यात बहुधा सापडत नाहीत. ती चित्रपटांच्या लायब्ररीत टाकली, तर जेलीफिन अंदाजानं भलतंच काहीतरी चिकटवतं. नाटकांना आणि घरच्या व्हिडिओंना ‘होम व्हिडिओ आणि फोटो’ प्रकारची वेगळी लायब्ररी करा. व्हीसीडीच्या खोक्याचा मोबाईलवर सरळ फोटो काढून ‘पोस्टर’ या नावानं त्याच फोल्डरमध्ये ठेवला की तेच चित्र दिसतं. आजीला नाटक तिच्या ओळखीच्या खोक्यावरून सापडतं.

घरच्या व्हिडिओंची नावं तारखेनं सुरू करा: आधी साल, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग. ‘२००६-०१-१३ सिद्धेश्वर यात्रा अक्षता’ असं. दरवर्षीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेचे व्हिडिओ मग आपोआप ओळीनं लागतात. मिरवणुकीतले नंदीध्वज तेच, पण त्यामागची आपल्या घरची पोरं एकेक वर्षानं उंच होत गेलेली दिसतात. तारीख नक्की आठवत नसेल तर फक्त साल टाका. लग्नाची तीन तासांची फाइल असेल, तर हळद, अक्षता, पंगत, वरात असे तुकडे करा. अखंड फाइल कुणी पाहत नाही, तुकडे सगळे पाहतात.

भाषा आणि माणसं

सोलापूरचं घर म्हणजे एका भाषेचं घर असेलच असं नाही. पद्मशाली घरात आजी तेलुगू, मुलं मराठी. अक्कलकोटकडच्या घरात कन्नड. म्हणून प्रत्येकाला वेगळं खातं द्या. खात्याच्या सेटिंगमध्ये आवडीची ऑडिओ भाषा निवडता येते. मग एकाच फाइलीत मराठी आणि तेलुगू असे दोन ट्रॅक असतील, तर आजीच्या खात्यावर तेलुगू लागतं आणि नातवाच्या खात्यावर मराठी. यासाठी फाइलीतल्या ट्रॅकला भाषेची खूण असावी लागते. नसेल तर सर्व्हर मुकाट पहिला ट्रॅक लावतो. एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या मोफत साधनानं ही खूण मिनिटभरात लावता येते, फाइल नव्यानं बनवावी लागत नाही.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोनी डबे दिसले, तर सर्व्हरवर देवनागरी फाँट नाही असं समजा. नोटो सान्स देवनागरी बसवा आणि प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये पर्यायी फाँटचा फोल्डर दाखवा. डब्यांऐवजी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसली, तर ती फाइल युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेली आहे. आधी युनिकोडमध्ये बदला आणि यूटीएफ-८ म्हणून जतन करा.

आजीच्या खात्याला पासवर्ड ठेवू नका, आणि तिला फक्त दोन लायब्ररी दिसू द्या. मोठ्यांना रिमोटची भीती वाटत नाही. पंचवीस चौकोनांची वाटते.

टीव्हीवर

अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही आणि एलजीच्या टीव्हींवर जेलीफिनचं ॲप मिळतं. ते उघडून सर्व्हरचा पत्ता दिला की झालं. टीव्ही राऊटरजवळ असेल तर सरळ लॅनची वायर लावा. दूर असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. व्हीसीडीला सेकंदाला जेमतेम दीड मेगाबिट लागतात, तिला काहीही चालतं. सर्व्हर मात्र वायरवरच असावा.

जुने चित्रपट जवळपास चौकोनी असतात. टीव्हीची ‘वाईड’ किंवा ‘ऑटो झूम’ सेटिंग बंद करा, नाहीतर सगळे नट रुंद दिसतात किंवा त्यांची डोकी कापली जातात. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. आवाजाचे ‘सराउंड’, ‘सिनेमा’ वगैरे प्रकारही बंद ठेवा.

आवाजाचा हा मुद्दा ‘कुंकू’ पाहताना पुरता कळला. १९३७ च्या त्या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि त्या प्रसंगातलं. टीव्हीचा सराउंड चालू होता तोवर ते आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटत होते. साध्या स्टिरिओवर टाकल्यावर शांता आपटे यांच्या प्रत्येक शब्दाची धार लागली. म्हातारा नवरा, फसवून लावलेलं लग्न, आणि नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी मुलगी. संगीत नसल्यामुळे इथे रडायचं किंवा चिडायचं हे सांगणारं कुणी नसतं, आणि दिवाणखान्यात बसलेली माणसं अस्वस्थ होतात. घरातल्या बायका मध्येच बोलायला लागल्या, पुरुष गप्प. असे जुने चित्रपट सर्व्हरवर घेताना चित्र थोडं दाबलं तरी चालेल, पण आवाजाचा ट्रॅक अजिबात दाबू नका, जसा मिळाला तसा ठेवा.

‘कोटणीस’चा अनुभव वेगळा. सोलापूरकर म्हणून आपण तो पाहतो तेव्हा भैय्या चौकातलं त्यांचं घर डोळ्यांसमोर असतं. डॉ. कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. चित्रपट त्यानंतर चारच वर्षांनी आला आणि डॉक्टरांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. चिनी पात्रं हिंदी बोलणारे भारतीय नट करतात, यावर आजची पोरं हसतात, आणि हसण्यासारखं आहेही. पण एवढ्या ताज्या मरणावर इतक्या लगेच चित्रपट करायचा, तोही युद्ध नुकतंच संपलेलं असताना, यात भाबडेपणाबरोबर धाडसही आहे. मला चित्रपट म्हणून ‘कुंकू’ कितीतरी उजवा वाटतो. गावचा म्हणून ‘कोटणीस’ला जास्तीचे मार्क देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

अशा चित्रपटांच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती फिरत असतात. एखादं गाणं किंवा प्रसंग गायब असतो. जेलीफिन फाइलीची लांबी दाखवतं, ती ताडून पाहा आणि लांब प्रत ठेवा.

‘पुढे पाहा’ ही ओळ

जेलीफिनच्या मुखपृष्ठावर अर्धवट सोडलेल्या गोष्टींची एक ओळ असते. तिच्याकडे मधूनमधून पाहत जा. आमच्याकडे ती ओळ गाजलेल्या परदेशी चित्रपटांनी भरलेली असते, आपण पाहायलाच हवेत असं वाटून लावलेल्या. पूर्ण पाहिलेल्यांत असतात नाटकं, यात्रेचे व्हिडिओ आणि प्रभात. डिस्क भरत आली की नवी घ्यायच्या आधी ही यादी बघून ठरवा. ‘प्लेबॅक रिपोर्टिंग’ नावाचं प्लगइन टाकलं, तर कुणी काय किती वेळ पाहिलं याचा तक्ताही मिळतो. तो घरच्यांसमोर मोठ्यानं वाचू नका.

घराबाहेरून आणि बॅकअप

पुण्यातल्या भावाला किंवा परदेशातल्या मुलीला हे पाहायचं असेल, तर राऊटरमध्ये ८०९६ चं दार उघडून देऊ नका. ते दार सगळ्या जगाला दिसतं. शिवाय आपल्याकडचे बरेच इंटरनेट पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे दार उघडूनही उपयोग होत नाही. टेलस्केल हे त्यावर सोपं उत्तर आहे. वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे. सर्व्हरवर आणि भावाच्या मोबाईलवर बसवलं की दोन्ही एकाच घरात असल्यासारखी वागतात. जेलीफिनमध्ये बाहेरच्या वापरासाठी वेगाची मर्यादा घाला, म्हणजे त्याचा पिक्चर आणि तुमचा व्हिडिओ कॉल भांडणार नाहीत.

बॅकअप सगळ्याचा नको. जुने चित्रपट पुन्हा मिळतील. कॅसेटीवरून उतरवलेलं पुन्हा मिळणार नाही, कारण पुढच्या वेळी कॅसेट चालेलच असं नाही. त्याच्या तीन प्रती: एक सर्व्हरवर, एक दुसऱ्या डिस्कवर, एक घराबाहेर. घराबाहेरची डिस्क बहिणीकडे किंवा सासरी ठेवा. संक्रांतीला आणि दिवाळीला येणंजाणं होतंच, तेव्हा अदलाबदल करा. डिस्क नुसती पडून राहू देऊ नका, वर्षातून एकदा तरी जोडून दोन-चार फाइली उघडून पाहा.

वर्षभराचं वेळापत्रक साधं आहे. जानेवारीत यात्रा उरकली की त्या वर्षीचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवरून गोळा करायचे. मार्चमध्ये ऊन चढायच्या आत पंखा आणि जाळी साफ करायची, डिस्कची तपासणी चालवायची. एप्रिल-मेमध्ये पहिल्या वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की राऊटर आणि सर्व्हर दोघांचे प्लग काढायची घरच्यांना सवय लावायची. अपडेट महिन्यातून एकदा, कामाच्या दिवशी, दुपारी. शनिवारी रात्री अजिबात नाही.